आठ दिवसांची पाहुणी

मुलाने भरलेल्या बॅगेतून मी माझ्या सहाही साड्या बाहेर काढल्या, बादलीत कोंबल्या आणि तळ्याकडे निघाले.

"अगं, धुतलेल्याच आहेत त्या," म्हणत तो मागोमाग आला. "आठ दिवस म्हणून आलीस, सात महिने झाले. गाडी आणलीय, आज चलायचं."

मी पायऱ्या उतरले. इथे घाटावर प्रत्येकीचा धुण्याचा दगड ठरलेला असतो, सासूचा सुनेला मिळतो. मी भाड्याच्या खोलीतली पाहुणी, त्यामुळे सहा महिने कडेच्या चिखलात उकिडवी बसून धुतलं. मग घाटावरच्याच गौराक्काची म्हातारी जाऊ लेकीकडे राहायला गेली आणि तिचा दगड मोकळा झाला. मी कुणाला न विचारता तिथे जाऊन बसले. बायका गप्प झाल्या. ऊठ कुणी म्हणालं नाही, बस असंही कुणी म्हणालं नाही. तेव्हापासून महिनाभर घाटावर माझ्याशी कुणी बोललेलं नाही.

"घरी मशीन आहे, कामाला बाई आहे," मुलगा म्हणाला. "इथे तुझं आहे तरी काय?" बोलता बोलता सुटलेली लेस बांधायला त्याने बुटाचा पाय दगडावर टेकवला.

शेजारी धुणं आपटणारी गौराक्का थांबली. "ओ साहेब, पाय काढा. बाईंचा दगड हाय त्यो."

त्याने पाय काढला. मी ओंजळीने पाणी मारून दगडाला लागलेली बुटाची माती धुतली आणि पहिली साडी भिजवून त्यावर घेतली.

"जरा लांब उभा राहा," मी त्याला म्हटलं. "शिंतोडे उडतील."