साहेबांच्या फोटोचं वर्णन

"केस उजव्या कानापाशी निघतात आणि टकलावरून चालत डाव्या कानापर्यंत जातात," संगणक खणखणीत आवाजात वाचत होता. "खुर्ची फार मोठी आहे. साहेब तिच्यात कुणीतरी विसरून गेल्यासारखे दिसतात."

पाणीपुरवठा कार्यालयातल्या साहेबांच्या खोलीत कुणी श्वास घेईना. मिरचीने डोळे गच्च मिटून घेतले. हे नाव तिला जिभेमुळे पडलं होतं, आणि कार्यालयाची वेबसाइट तिनेच बांधली होती. कायदा असा, की साइटवरच्या प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन हवं. एरवी न दिसणारं, पण अंध माणसाला संगणकाने वाचून दाखवावं असं. तुमच्या फोटोला काय लिहू, असं तिने साहेबांना विचारलंही होतं. काहीही खरड, ते कोण बघत बसणार आहे, असं ते म्हणाले होते. मग तिने दिसलं ते खरडलं.

आता तपासनीस बाई समोर बसल्या होत्या. केस पांढरे, जन्मापासून अंध, आणि घामाने चिंब. आल्या आल्या त्यांनी पंखा लावायला सांगितला होता. साहेबांना वारा बाधतो, असं हेडक्लार्क खाली बघत म्हणाले होते. बाईंनी साइट पास केली नाही, तर उद्यापासून ती बंद आणि गाव पुन्हा पाणीपट्टी भरायला खिडकीपुढे रांगेत.

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

मिरचीने लावलं. बाईंनी आणखी एकदा लावायला सांगितलं. तेवढ्यात साहेब आधी लाल झाले, मग जांभळे. हे सगळं धादांत खोटं आहे, ते कडाडले, आणि ही पोरगी उद्यापासून इथे दिसणार नाही.

बाईंना कसली घाई नव्हती. त्या आपल्या थोरल्या बहिणीचं सांगू लागल्या. लहानपणी दोघी सिनेमाला जायच्या. ताई अंधारात कानाशी लागून बोलायची: नायक आला, पण नाक आधी आलं, नायिका धाय मोकलून रडतेय, काजळ मात्र जागच्या जागी. मागचे लोक आधी शुक शुक करायचे, मग पुढे वाकून तेही ऐकायचे. ताई गेली आणि तो पडदा पडला तो पडलाच. आता गावोगावच्या साइट तपासायच्या, तर जिथे तिथे आपलं 'फोटो एक', 'फोटो दोन'.

"आज किती वर्षांनी कुणीतरी मला माणूस दाखवला," त्या म्हणाल्या.

साहेब मात्र विरघळले नाहीत. खोटं ते खोटं, यावर ते ठाम राहिले.

"मग पंचाईत झाली," बाई म्हणाल्या. "वर्णन खोटं असेल तर साइट नापास. खरं असेल तर पास, आणि खरं लिहिलं म्हणून मुलीला काढता यायचं नाही. मला दिसत नाही, पण इथे बाकीचे आहेत की बघायला. पोरी, तेवढा पंखा लाव गं."

मिरची उठली. बटणावर धुळीचा थर होता. हेडक्लार्कांनी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

"पंखा राहू दे," दोन्ही हात डोक्यावर ठेवून साहेब म्हणाले. "वर्णन बरोबर आहे."