भिंतीवरचं नाव

भिंतीवरच्या पडद्यावर तिचं नाव अकराव्या क्रमांकावर आलं, तेव्हा डेस्कवरच्या सगळ्यांनी एकदम आपापल्या की-बोर्डमध्ये माना घातल्या.

या घडीला लोक इंटरनेटवर कुणाकुणाला शोधताहेत, ते हा पडदा सांगायचा. तिची सगळी कारकीर्द त्याच्यावर उभी होती. एखादं नाव चढायला लागलं, की चहा गार व्हायच्या आत त्या माणसाचं पान तयार: कोण आहेत, वय काय, शिक्षण काय, नवरा काय करतो. भाड्याच्या खोलीत दोन कॉम्प्युटरवर सुरू केलेली वेबसाइट तिने या एका युक्तीवर देशातल्या पहिल्या पाचांत आणून बसवली होती.

आणि हा पडदा कुणाचं भलं दाखवत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. नट नाही, पुढारी नाही, अशा माणसाचं नाव अचानक चढतं, म्हणजे तो मेला तरी, पकडला गेला तरी, नाहीतर त्याचं बिंग फुटलं तरी.

ती तर धडधाकट उभी होती. म्हणजे उरली दोनच कारणं.

"कुठे काही दिसतंय का?" तिने डेस्कप्रमुखाला विचारलं. आवाज होईल तेवढा सहज ठेवला.

"काहीच नाही, मॅडम. बातमी नाही, व्हिडिओ नाही. नुसतेच शोधताहेत." तो चाचरला. "पान करायचं का?"

"माझं?"

"सवयीने विचारलं हो."

नाव नवव्यावर गेलं, मग सातव्यावर. शेजारची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी वर चालली होती, कुठे अडखळणं नाही, दम खाणं नाही.

केबिनचं दार लावून तिने गर्दीवाल्याला फोन लावला.

गर्दीवाला हे नाव तिनेच त्याला ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी वाचक आटायला लागले, तेव्हा कुणीतरी त्याचा नंबर दिला होता. त्याच्या गोदामात हजारो जुने मोबाइल होते. ते मोबाइल माणसांसारखे तिच्या वेबसाइटवर हिंडायचे, बातम्या उघडायचे, जरा रेंगाळायचे आणि निघून जायचे. तिच्या दर तीन वाचकांतला एक वाचक त्या गोदामात राहत होता. तिला आणि त्याला सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं.

माणूस मात्र भलताच अघळपघळ. ताई, ताई करत घरातलाच व्हायला बघायचा. मुलीच्या शाळेने चित्रस्पर्धेसाठी ऑनलाइन मतं मागवली, तर या गृहस्थाने न विचारता शाळेतल्या मुलांच्या दसपट मतं पाठवली, वर निरोप: मामाकडून भाचीला एवढं तरी! मुख्याध्यापिकेपुढे तिची जी शोभा झाली, ती तिलाच ठाऊक. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तेव्हाच कळलं होतं. पण तोवर त्याला सोडणं तिला परवडणारं नव्हतं.

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

पकडलं त्याला, ती मनात म्हणाली. पकडलं, आणि तो घडाघडा बोलला.

तेवढ्यात मुलीचा फोन. "आई, मैत्रिणी म्हणतात तुझं नाव वर चाललंय! तू एवढी फेमस आहेस? आज लवकर ये हं, तुझ्याशिवाय केक कापणार नाही आम्ही."

"येते," तिने कसंबसं म्हटलं. लेकीच्या आवाजातला अभिमान ऐकून तिला रडूच आलं. रात्रीपर्यंत या पोरीला सगळं कळणार होतं.

मीटिंगरूममध्ये मोठ्या बाई येऊन बसल्या होत्या. तिची पहिली नोकरी त्यांच्या हाताखालची. मथळा कसा द्यायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. आज त्यांचा वृत्तसमूह तिची वेबसाइट विकत घेणार होता, आणि सही झाली की सगळ्या समूहाची सूत्रं तिच्या हाती येणार होती. एवढ्यासाठी ती इतकी वर्षं राबली होती.

"एवढी घामाघूम का झालीस गं?" बाई पेन उघडत म्हणाल्या.

काचेपलीकडे पडदा दिसत होता. तिचं नाव चौथं होतं. तिला बाईंचाच धडा आठवला: आपली वाईट बातमी दुसऱ्याने फोडायच्या आत आपण फोडावी, निदान शब्द तरी आपले राहतात.

"सहीच्या आधी माझ्या तोंडून ऐका," ती म्हणाली. आणि तिने सगळं सांगून टाकलं. गोदाम, मोबाइल, तीन वर्षं, सगळं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मला हे आज का सांगितलंस?"

"आता जगाला कळलंच आहे, बाई. तो पडदा बघा ना."

बाईंनी वळून पडद्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या फोनवर बराच वेळ काहीतरी चाळलं.

"कुठेही काही नाहीये गं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या माणसांनी चार महिने तुझी वेबसाइट खालीवर करून तपासली. त्यांनाही काही सापडलं नव्हतं." त्यांनी कागद गोळा केले. "माझ्या हाताखालची सगळ्यात हुशार पोरगी होतीस तू."

दार लागलं. बाहेर पडद्यावर तिचं नाव तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेलं, आणि टेबलावरचा फोन थरथरला. गर्दीवाल्याचा निरोप होता.

"ताई, गाडी चालवत होतो, फोन घेता आला नाही. वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा! भिंतीवर नाव बघितलंत ना? संध्याकाळपर्यंत पहिल्या नंबरावर नेतोच. भावाकडून भेट समजा."