दहापैकी तीन

२००४ साली अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका क्लबाने बेसबॉलच्या जुन्या कार्डांचं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या संग्राह्य कार्डांचं, प्रदर्शन भरवलं. प्रत्येक घरातून एकच कार्ड घ्यायचं ठरलं होतं. ते निवडायला क्लबाचे त्र्यंबककाका आले, तेव्हा राजेश आणि रत्ना या नवराबायकोने आपापलं कार्ड पुढे ठेवलं. खेळाडू तोच, सालही तेच. तज्ज्ञांनी तपासून, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून राजेशच्या कार्डाला दहापैकी आठ दिले होते आणि रत्नाच्या कार्डाला तीन.

"यात निवडायचं काय, यार?" राजेश हसला. पाहुण्यांसमोर तो नेहमीच असा हसायचा.

रत्नाने प्लॅस्टिकवर छापलेल्या दोन्ही नंबरांवर काळी टेप चिकटवली. "काका, आता नुसती कार्डं बघा."

काका ती घेऊन खिडकीपाशी गेले. एकाचे कोपरे कोरे करकरीत होते, पण चित्र जरा बाजूला सरकलेलं आणि फिकट. दुसऱ्याचे कोपरे झिजलेले, एका कडेला घडी पडलेली. पण टोपीचा निळा रंग अजून ताजा होता आणि खेळाडूची नजर चेंडूवर खिळलेली.

"हे!" काका खुशीत म्हणाले. "हा तर आत्ता बॅट फिरवेल!"

राजेशने टेप सोलली. खाली तीन होता. काका ओशाळले. "अगं, तीन नंबरचं लावलं तर लोक काय म्हणतील?" असं पुटपुटत त्यांनी दुसरं कार्ड उचललं.

"मग तिथे नंबरच टांगा, काका," रत्ना म्हणाली. "ज्यांना कार्ड बघायचंय, त्यांना सरळ माझ्या घरी पाठवा."