नाकाचा रंग

शोकसभेचं पत्रक छापून हातात आलं आणि धाकट्या भावाचा पारा चढला. गेलेल्या थोरल्या भावाच्या फोटोतलं नाक कॉम्प्युटरच्या पडद्यावर चारचौघांसारखं दिसत होतं. कागदावर मात्र ते पिकल्या टोमॅटोसारखं लालबुंद उतरलं होतं.

"फाईलमध्ये आहे तस्साच रंग हवाय मला," तो छपाईवाल्यावर खेकसला. "उद्या सभेला मोठमोठी माणसं येणार आहेत. माझ्या दादाचा असा बेरंग केलेला मी खपवून घेणार नाही!"

"पडद्यावर सगळेच गोरेगोमटे दिसतात हो. कागदावर उतरले की कळतं काय ते," असं पुटपुटत छपाईवाल्याने लाल रंग कमी केला. गाल कावीळ झाल्यासारखे पिवळे पडले. पिवळा कमी केला, तर ओठ निळे झाले. नाक मात्र लाल ते लालच.

थोरल्याची बायको इतका वेळ बाकावर बसून पत्रकातला मजकूर वाचत होती. 'निर्व्यसनी, शांत स्वभावाचे, आवाज न चढवणारे, पत्नीला फुलासारखं जपणारे…' मजकूर दिरानेच लिहिला होता, अगदी मन लावून.

"वहिनी, आता तुम्हीच सांगा याला! दादाचं नाक असं होतं का?"

तिने पत्रकाची नीट घडी घातली.



"राहू द्या भावजी. अख्ख्या पानात तेवढं एक नाकच खरं छापलं गेलंय."