आरामखुर्ची

निरोपाच्या दिवशी मालकाने म्हाताऱ्या शिंप्याला घडीची आरामखुर्ची दिली. "आता खुशाल पाय पसरा, मामा!" आठवड्याने मामा खुर्ची काखोटीला मारून कारखान्यात हजर. पेन्शनसाठी पगारातून वर्षानुवर्षं कापलेले सगळे हप्ते भलत्याच माणसाच्या खात्यात गेले होते. "चूक कारकुनाची," मालकाने हात झटकले. कारकून खाकरला. "साहेब, मामांचा खातेक्रमांक बघून सांगा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, 'तोंडपाठ आहे!'" मामा भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुकाट्याने मशीन पुसलं, सुईत दोरा ओवला. "खुर्ची तुम्हीच ठेवा, साहेब. आमच्या नशिबी बसणं नाही." मालक शरमेने काळाठिक्कर पडला. खुर्ची डोक्यावर घेऊन त्याने मामांना पेन्शन कचेरीत नेलं. रांगेत मामा खुर्चीत बसले, मालक शेजारी उभा. अखेर खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पेन्शन कोणाची?" "ह्यांची." "मग तुम्ही कोण?" "मी चूक."