नडगीवरच्या गाठी

दुष्काळात दूध सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिलेले बब्रुवान धोतर वर करून नडग्यांवरच्या लालबुंद गाठी दाखवायचे. "गावाला टँकर मिळावा म्हणून पायपीट करून उठल्यात ह्या." बाया हळहळल्या, मतं पडली, बब्रुवान चेअरमन झाले.

गाठी मात्र ठणकतच राहिल्या, तेव्हा बायको पुतळाबाईंना घेऊन ते उस्मानाबादला डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी गाठी दाबून बघितल्या अन् भलतंच विचारलं, "आतड्याला सूज असली की अशा गाठी उठतात. जुलाब होतात का? रक्त पडतं?"

चेअरमन छताकडं बघत म्हणाले, "छे, पोट एकदम झकास."



पुतळाबाई पदर सावरत म्हणाल्या, "पायपीट खरीच हाय, डॉक्टरसाहेब. पण टँकरसाठी न्हाय, टमरेल घेऊन माळावर."