कॉलेजचं बोलावणं

टेबलावर पाण्याच्या पंपाची जळालेली मोटार उघडून ठेवली होती. इंजिनिअरिंग कॉलेज बघायला आलेली दहावीची मुलं तिच्याभोवती उभी होती. "ही कशाने जळली असेल?" इलेक्ट्रिकलच्या मॅडमनी विचारलं.

मागून शीतल पुढे आली. "दोन फेजच्या तारा काळ्या पडल्यात, तिसऱ्याच्या चांगल्या आहेत. विजेचा एक फेज गेला असणार, तरी पंप चालूच राहिला."

"हे कुठे शिकलीस?"

शीतल घुटमळली. आई दुकानात जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरते, हे तिने वर्गात कधी सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. मॅडमनी आईचा नंबर लिहून घेतला.

संध्याकाळी ती धावतच दुकानात शिरली. "आई, कॉलेजात तुला बोलावलंय."

"मला?" तांब्याची तार गुंडाळत आई म्हणाली, "सातवी शिकलेल्या बाईला कोण शिकवणार?"

"शिकायला नाही गं. तिथल्या पोरांना मोटार भरायला शिकवायला."

आईचे हात थांबले. तिने तार खाली ठेवली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "जाऊ की. तुला पुढं जिथं घालायचं, ते कॉलेज बघूनही होईल."